फुगलेल्या मोबाईलचं विसर्जन

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकान तासभर आधी उघडायची. त्या दिवशी लालबागमधले निम्मे मोबाईल आजारी पडलेले असत आणि सगळ्यांचा आजार एकच. आदल्या दिवशी घरातल्या बाईने विळी, मिक्सर, शिलाई मशीन, मुलांची दप्तरं यांच्या रांगेत मोबाईलही मांडलेला असे. आता पूजा करायची तर हळदकुंकू कुठे वाहायचं? यंत्राला जिथे तोंड दिसेल तिथे. मोबाईलचं तोंड म्हणजे चार्जिंगची पिन जाते ते भोक. त्यात चिमूटभर कुंकू, वर दोन अक्षता, आणि सासू फारच धार्मिक असेल तर दुधाचा थेंब. सकाळी चार्जिंग होत नाही म्हणून घाबरलेली मंडळी माझ्या दारात. मी लाकडी टूथपिकने अक्षता काढायची, दात घासायच्या मऊ ब्रशने कुंकू झाडायची आणि मोबाईल परत देताना सांगायची की देव पावला, आता पुढच्या वर्षी फूल नुसतं वर ठेवा.

असा माझा धंदा. चाळीच्या जिन्याखालचा गाळा, त्यात एक टेबल, एक भिंग, एक दिवा आणि मी. आता मी एकाहत्तर वर्षांची आहे, हात थरथरतात, मोबाईलच्या आतला तिळाएवढा स्क्रू मला सापडत नाही आणि सापडला तर भोकात बसत नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी गाळा सोडला. या अंकाच्या संपादक बाईंनी फोन करून 'एक यशस्वी उद्योजिका' म्हणून लिहा म्हटलं, तेव्हा मी इतकी हसले की त्यांना वाटलं रेंज गेली. माझं यश काय ते आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल.

गाळा उघडला तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. यजमानांची गिरणी कधीच बंद झाली होती. मला डागकाम येत होतं, कारण लग्नाआधी फणसवाडीत युसुफभाईंच्या रेडिओ दुरुस्तीच्या कारखान्यात मी कॉइल गुंडाळायला होते. तेच युसुफभाई म्हातारपणी मोबाईल शिकले आणि त्यांनी मलाही शिकवलं. पण गाळ्यात बाई बसलेली बघून माणसं दारातूनच विचारत, मेकॅनिक कुठे गेलेत? पहिल्या दिवशी मी म्हटलं, मीच मेकॅनिक. तो माणूस म्हणाला बरं, आणि निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून मी टेबलामागे एक पडदा लावला. गिऱ्हाईक आलं की सांगायचं, साहेब आत काम करतायत. मोबाईल घेऊन पडद्याआड जायचं, दुरुस्त करायचा आणि बाहेर येऊन म्हणायचं, साहेब म्हणाले की चार्जरची वायर बदला. असं एक वर्ष चाललं. साहेबांची ख्याती फार. एका बाईने साहेबांसाठी उकडीचे मोदक पाठवले, तेही मी पडद्याआड खाल्ले. बाईला मान मिळावा म्हणून भांडायचं सोडून सगळा मान मी नसलेल्या पुरुषाला दिला, आणि वर मोदक खाऊन खूष झाले. यशस्वी उद्योजिका ती ही.

शेवटी साहेबांना मीच सेवानिवृत्त केलं. दादरच्या मासळी बाजारातल्या दोघी कोळणी एकदा मोबाईल घेऊन आल्या आणि त्यातली एक सरळ पडदा सारून आत शिरली. आत कुणी नाही हे बघून ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुझा साहेब अमावास्येला दिसतो का गं?" मग माझ्या हातात मोबाईल दिला आणि म्हणाली, तूच कर. तिच्या मोबाईलमधून मी सुरमईचे सात खवले काढले. त्यानंतर पडदा धुवून त्याची फडकी केली.

आता मुद्द्याचं. मोबाईलमध्ये जपण्यासारखं आणि घाबरण्यासारखं एकच असतं, बॅटरी. बाकी सगळं बिघडलं तर फक्त बंद पडतं. बॅटरी बिघडली तर ती फुगते. आत पातळ पदरांची गुंडाळी असते, आपल्या अळुवडीसारखी, आणि वर चकचकीत पिशवी. जुनी झाली, आपटली, उन्हात तापली की आत वायू धरतो आणि पिशवी फुगते. मोबाईलची पाठ उचलली जाते, काच सुटते, टेबलावर ठेवला तर भोवऱ्यासारखा गिरकी घेतो. अशी बॅटरी दाबायची नाही, वाकवायची नाही, टोचायची नाही आणि चार्जिंगला तर मुळीच लावायची नाही.

हे मला कसं कळलं, तर टोचून. मी शिकत होते तेव्हाची गोष्ट. युसुफभाई नमाजाला गेले होते. टेबलावर एक फुगलेली बॅटरी पडली होती. तिच्याकडे बघून माझ्यातली सुगरण जागी झाली. फुगलेल्या पुरीतली वाफ काढतात तशी हिच्यातली हवा काढली तर ही सपाट होईल, मग परत बसवता येईल, आणि युसुफभाई परत येऊन माझी पाठ थोपटतील, एवढा विचार मी केला आणि पदराची पिन काढून टोचली. पुढे काय झालं ते नीट सांगता येणार नाही, कारण मी टेबलाखाली होते. फुस्स झालं, गोडसर घाण वासाचा धूर झाला आणि माझी उजवी भुवई गेली. युसुफभाई धावत आले, त्यांनी रेतीचं डबडं त्या आगीवर उलटं केलं, मला बाहेर ओढलं आणि जळालेल्या भुवईकडे बघत फक्त एवढंच म्हणाले, "बहन, ये पुरी नहीं है." माझी उजवी भुवई तीन महिने काजळाने काढलेली होती. यजमान म्हणायचे, एका बाजूने तू सारखी आश्चर्यचकित दिसतेस.

युसुफभाई आता नाहीत. त्यांनी मला धंदा दिला, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या दिवशी मला हाकलून दिलं नाही. त्यांच्यासारखंच रेतीचं डबडं मी माझ्या गाळ्यात एकवीस पावसाळे ठेवलं. फुगलेला मोबाईल आला की आधी बंद करायचा, सिम काढायचं, मग पत्र्याच्या डब्यात कोरड्या रेतीत ठेवायचा. झाकण घट्ट लावायचं नाही, नाहीतर डब्याचाच फटाका होतो. जवळ कागद नको, कापड नको, गॅस नको. मग जुनी विजेची उपकरणं गोळा करणाऱ्या परवानाधारक लोकांना फोन करायचा, बॅटरी फुगली आहे हे आधीच सांगायचं आणि हातात द्यायचं. घरच्या कचऱ्यात टाकायचा नाही, कारण कचऱ्याची गाडी कचरा दाबते. भंगारवाल्याला द्यायचा नाही, कारण तो हातोडीने फोडतो. एवढं सगळं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असे. नलूवहिनींना मात्र सांगितलं नाही. त्याऐवजी मी एक विनोद केला.

नलूवहिनी काळाचौकीच्या. मूळ गाव देवगडकडचं, यजमान माझ्या यजमानांबरोबर एकाच खात्यात होते, म्हणून त्या मला शालूताई म्हणत आणि मी त्यांना वहिनी. वय माझ्याएवढंच. मी तेव्हा अवघी चौसष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल अजून यायची होती. गौरीपूजनाच्या दिवशी दुपारी त्या नवी नऊवारी नेसून गाळ्यात आल्या आणि पदराखालून मोबाईल काढला. पाठ अशी उचललेली की आत करंजीचं सारण दिसावं. मी विचारलं, कधीपासून असा? म्हणाल्या, पंधरा दिवस झाले, मी रोज रात्री त्याच्यावर पाट्याचा वरवंटा ठेवते, सकाळी जरा बसलेला असतो, दुपारी परत फुगतो. हे ऐकून माझ्या दोन्ही भुवया वर गेल्या, नव्याने उगवलेलीसुद्धा.

दुकानात त्या दिवशी ही गर्दी. प्रत्येकाला आरतीचा व्हिडिओ काढायचा होता आणि प्रत्येकाचा मोबाईल भरलेला होता. वहिनींनी नवीन मोबाईल घेतला होता, नंबर, फोटो सगळं त्यात गेलं होतं, सिमही काढलेलं होतं. जुन्याचं काय करायचं एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी म्हटलं माझ्याकडे ठेवून जा. तर म्हणाल्या, नको हो, दहा वर्षं सकाळी याच्यावर आरती लावतेय, दर दसऱ्याला याची पूजा केलीय, उद्या आमचे गणपती जाणार गौरीबरोबर, तोपर्यंत राहू दे देवाजवळ. खरं तर मी तिथेच मोबाईल हातातून काढून घ्यायला हवा होता. पण माझ्या दातांत स्क्रूड्रायव्हर होता, समोर पाच माणसं होती, आणि मला माझ्या विनोदी स्वभावाचा फार अभिमान.

मी म्हटलं, "वहिनी, ह्याचे दिवस भरले. आता ह्याचं विसर्जनच करायचं. पण साध्या कचऱ्यात नाही हं, ह्याचा कलश वेगळा असतो."

माणसं हसली. मला बरं वाटलं. वहिनी हसल्या नाहीत, त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, मंडपाच्या बाजूला ठेवलाय तोच ना? त्या दिवसांत आमच्या मंडपापलीकडे एका संस्थेने जुने चार्जर, वायरी टाकायला एक निळा पिंप ठेवला होता. मला वाटलं त्या त्याच्याबद्दल विचारतायत. मी स्क्रूड्रायव्हरसकट मान हलवली. खरं म्हणजे फुगलेला मोबाईल त्या पिंपातही टाकायचा नसतो. म्हणजे एका मान हलवण्यात मी दोन चुका केल्या, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी परत आल्या. हातात प्रसादाची वाटी. गौरी-गणपती नीट गेले, पाऊस आला नाही, मुलगा गावाहून वेळेत आला, असं सगळं सांगून झाल्यावर शेवटी म्हणाल्या, आणि हो शालूताई, तुम्ही सांगितलं तसं त्याचंही विसर्जन केलं. नव्या हिरव्या खणात बांधला, सुपारी ठेवली, फूल वाहिलं, आरतीत ठेवला आणि निर्माल्याच्या कलशात घातला.

माझ्या हातातली वाटी टेबलावर कशी आली मला आठवत नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. देवाला वाहिलेली फुलं, दुर्वा, हार याला निर्माल्य म्हणतात. ते केराच्या टोपलीत टाकायचं नाही ही आमची रीत. पूर्वी समुद्रात सोडत. आता मंडपाजवळ मोठे कलश ठेवलेले असतात, त्यात जमलेलं निर्माल्य पोत्यांतून नेऊन त्याचं खत करतात. आधी बायका हाताने निवडतात, दोरे, तारा, प्लास्टिक बाजूला काढतात, आणि मग ते दळायच्या मशीनमध्ये घालतात. मशीनच्या आत पाती फिरतात आणि मशीनच्या तोंडाशी बाई उभी असते. माझी पदराची पिन जेवढी लांब होती त्याच्या पन्नासपट लांब पाती, आणि पिनवर माझी भुवई गेली होती.

वहिनींना मी एवढंच सांगितलं की माझ्या बोलण्यात घोटाळा झालाय, मोबाईल परत आणायला हवा, चला. त्यांच्या मंडळाच्या कार्यकर्त्याला विचारलं तर तो म्हणाला, आजी, पोती आजच सकाळी गेली परळला, मैदानामागच्या शेडमध्ये. कुणाचा नंबर आहे का तिथला? नव्हता. टॅक्सीवाला म्हणाला पुढे रस्ता बंद आहे. मग आम्ही चालत निघालो, मी पुढे, नलूवहिनी मागे. त्यांचे गुडघे दुखतात. त्या एकदाही थांबू या म्हणाल्या नाहीत, फक्त विचारत राहिल्या की देवाच्या गोष्टीत माझं काय चुकलं? मी म्हणत राहिले, तुमचं नाही चुकलं. पण चालता चालता म्हटलेलं माणसाला खरं वाटत नाही.

शेडजवळ आलो तेव्हा मशीनचा आवाज येत होता. पत्र्याची लांब शेड, आत सुकलेल्या फुलांचे ढीग, झेंडू आणि कुजलेल्या दुर्वांचा मिसळलेला वास. दहा-बारा बायका जमिनीवर बसून निवडत होत्या. मशीनपाशी उभी होती ती वनिता, त्यांच्या गटाची प्रमुख. चाळिशीची, काटक, डोक्याला रुमाल. मी हातांनी खुणा केल्या, तिने मशीन बंद केलं. धापा टाकत मी विचारलं, काळाचौकीची पोती कुठली? त्यात हिरव्या खणात बांधलेलं काही आलंय का?

वनिता म्हणाली, "मोबाईल ना? सापडला. तुमचा आहे का?"

नलूवहिनींनी तिथेच हात जोडले.  वनिता खुशीत पुढे सांगू लागली की तुम्ही हुडकत यायचे कष्ट घेतलेत, पण आम्ही काही ठेवून घेणार नव्हतो, सिम नव्हतं म्हणून फोन येईना, म्हटलं चालू झाला की फोटो बघून माणूस तरी ओळखू, म्हणून मघाशीच चार्जिंगला लावलाय.

तिने बोट दाखवलं. भिंतीवरच्या बोर्डाला चार्जर, वायरच्या टोकाला मोबाईल, आणि मोबाईल ठेवलेला सुकलेल्या दुर्वांच्या पोत्यावर. त्याची पाठ गौरीपूजनाला होती त्याच्या दुप्पट वर आली होती.

आयुष्यात पहिल्यांदा मला विनोद सुचला नाही. मी वनिताला म्हटलं, सगळ्यांना बाहेर काढ. तिने का विचारलं नाही, नुसती हाक मारली आणि बायका उठल्या. मी जाऊन बोर्डाचं बटण बंद केलं आणि चार्जर बोर्डातून सोडवला. जवळ गेल्यावर चेहऱ्याला ऊब लागली. मोबाईलला हात लावायचा नाही, वायर ओढायची नाही, हे मला माहीत होतं. आणि तसाच ठेवला तर खाली दुर्वा, बाजूला कापूर, अगरबत्तीचे पुडे, आणि वर पत्रा, हेही दिसत होतं. आज मला कुणी विचारलं तर मी एकच सांगेन, तापलेल्या मोबाईलच्या वाटेला जाऊ नका, बाहेर पळा आणि आगीचा बंब बोलवा. त्या दिवशी मला बंब यायच्या आधी काय होईल तेच दिसत होतं. शिवाय हे सगळं मी घडवलेलं होतं.

कोपऱ्यात रेतीची लाल बादली टांगलेली होती. रेतीत निम्म्या विड्या होत्या, पण रेती कोरडी होती. ती मी घमेल्यात ओतली. लांब दांड्याच्या फावड्याने मोबाईल सरकवून घमेल्यात घ्यायचा आणि बाहेर मैदानात न्यायचा, एवढंच काम. फावडं उचललं आणि माझे हात असे थरथरायला लागले की दांडा पोत्यावर वाजू लागला.

वनिता मागे उभी होती, ती बाहेर गेलीच नव्हती. म्हणाली, "आजी, तुमचे हात बघा. सोडा. मी घेते."

मी नको म्हटलं. ती म्हणाली, तुम्ही सांगा कसं घ्यायचं, मी घेते. आणि मी सांगितलं. हळू, खालून, दाबू नको, तोंड लांब ठेव. तिने फावड्यावर मोबाईल घेतला, लहान बाळ उचलावं तसा, आणि चार्जरच्या वायरीसकट रेतीवर ठेवला, वर आणखी रेती लोटली. घमेलं हात लांब करून धरलं आणि चालू लागली. मी शेडच्या दारात उभी राहून तिची पाठ बघत होते. मैदानाच्या मध्यापर्यंत चाळीसेक पावलं असतील. तशी चाळीस पावलं माझ्या जन्मात कुणी टाकलेली मी पाहिली नाहीत. तिने घमेलं ठेवलं, वळली, पदर सावरत परत निघाली. ती अर्ध्या वाटेत असताना मागे फुस्स झालं. रेतीतून पांढरा धूर आला आणि मग गुडघ्याएवढी ज्वाळा उभी राहिली, पिवळी, मध्ये जांभळट. वनिताने मागे वळून पाहिलं आणि मग ती तिथेच मैदानात खाली बसली.

आग दोन-तीन मिनिटांत निवली. कुणाला काही झालं नाही. पण बायका जिथे सकाळपासून मांडी घालून बसल्या होत्या ती जागा त्या मोबाईलपासून तीन हातांवर होती, हे सगळ्यांनी डोळ्यांनी मोजलं आणि मग बोलायला सुरुवात झाली. एक म्हणाली, देवाच्या नावाखाली लोक काय काय घालतात. दुसरी म्हणाली, मागच्या वर्षी काचा होत्या, माझा हात फाटला. नलूवहिनी रडत होत्या. म्हणत होत्या, मी कचरा म्हणून नाही दिला हो, देवाचं म्हणून दिला.

तेव्हा मी ते बोलले, जे चालताना नीट बोलता आलं नव्हतं. "ह्यांची चूक नाही. ह्यांनी मला विचारलं होतं. मी मोबाईल दुरुस्त करते, मला सगळं माहीत होतं, आणि मी ह्यांना गंमतीत सांगितलं की विसर्जन करा, कलश वेगळा असतो. ह्यांनी माझं ऐकलं, म्हणून हे झालं."

वनिता पाणी पीत होती. तिने पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "एवढं येतं तुम्हाला, आणि सरळ सांगता येत नाही?"

मला आजवर पुष्कळ लोक बोलले. त्यातलं एवढं नेमकं कुणी बोललं नाही.

काही वेळाने, सगळं थंड झाल्यावर, मी तिला विचारलं की खण मशीनमध्ये का घातला नाहीस? रोज शेकडो पोती येतात, प्रत्येक पुरचुंडी कोण उघडून बघतं? ती म्हणाली, आम्ही बघतो. गाठ मारलेलं काही मशीनमध्ये घालायचं नाही, हा आमच्या शेडचा पहिला नियम. मी म्हटलं, काचेसाठी, तारेसाठी? ती जरा लाजली. म्हणाली, "काचेसाठी नाही. देवाला बांधून दिलेलं असतं, कुणी काय मागितलेलं असेल. गाठ सोडल्याशिवाय दळायचं कसं?"

मी सतरा वर्षं मोबाईल उघडत होते. आत काय मागितलेलं असेल असा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. मी कुंकू काढून टूथपिक पुसायची आणि पुढचा मोबाईल घ्यायची.

जळालेला मोबाईल आम्ही त्या रेतीसकट दुसऱ्या दिवसापर्यंत मैदानातच ठेवला. मग परवानाधारक लोकांना फोन करून आधीच काय झालंय ते सांगितलं, त्यांनी जाड पिंप आणून तो नेला. नलूवहिनी तेव्हा हजर होत्या. त्यांनी दुरून नमस्कार केला. 

त्या वर्षापासून मी दुकानात ती गंमत बंद केली. फुगलेला मोबाईल आला की गर्दी असली तरी तोंडातून स्क्रूड्रायव्हर काढायची आणि म्हणायची, याची बॅटरी पेट घेऊ शकते, हा घरी नेऊ नका, मी ठेवून घेते. आणि समोरच्याकडून तेच परत म्हणवून घ्यायची. गिऱ्हाइकं कंटाळत. एकाने विचारलं, आजी, शाळा सुरू केली का? मी म्हटलं, हो, आणि तू नापास झालास, पुन्हा म्हण.

वनिताने मला त्या गणपतीनंतर बोलावून घेतलं. बायकांना शिकवा म्हणाली, कुठली वस्तू फुटते, कुठली नुसतीच भीती दाखवते. मी जुन्या बॅटऱ्या, गाणारी खेळणी, दिव्यांच्या माळा घेऊन जायची आणि त्या हातात घेऊन बघायच्या. वजनावरून ओळखायला त्या माझ्यापेक्षा लवकर शिकल्या. त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी निर्माल्यातून पाच मोबाईल, एक पॉवर बँक आणि गणपतीसमोर लावायचे नाचणारे उंदीर कितीतरी काढले, सगळे रेतीच्या डब्यात गेले. एकीलाही चटका बसला नाही. नलूवहिनीही सणासुदीला तिथे निवडायला बसतात. कुणी विचारलं तर सांगतात, माझं जुनं येणं-जाणं आहे.

या सगळ्यांचे मी आभार कधी मानले नाहीत. तोंडावर आभार मानायची आमच्यात पद्धत नाही, लोक म्हणतात ही आता मरते की काय. म्हणून इथे लिहिते. वनिताच्या त्या चाळीस पावलांवर मी आज जगते आहे, आणि पत्र्याच्या त्या शेडमधल्या दहा-बारा बायकांच्या घरी संध्याकाळी चूल पेटते ती तिच्यामुळे. तिने गाठ सोडली नसती तर माझा विनोद त्या पात्यांत गेला असता.

गाळा सोडल्यापासून गणपतीत आणि नवरात्रात मीही तिथे जाऊन बसते. तिळाएवढा स्क्रू मला जमत नाही, पण गाठी जमतात. थरथरत्या हाताला गाठ सोपी जाते, कारण घाई करता येत नाही. परवा एक लाल फडक्याची पुरचुंडी आली, ओल्याने गाठ अशी बसलेली की सुटेना. अर्धा तास मी तिच्याशी झटत होते. शेवटी वैतागून कात्री मागितली. वनिता समोर बसली होती, कात्री तिच्या मांडीखाली होती, आणि ती माझ्याकडे न बघता हार निवडत राहिली.

मग मी पुन्हा नख लावलं.